रॅम एका वाटेने धावते की दोन? पाच मिनिटांत घरीच तपासा

भाचीनं लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "मामा, दुकानदारानं मला वेगळाच माल दिलाय का?" तिच्या आणि तिच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपचं मॉडेल एकच होतं. प्रोसेसरही एकच, आय-५ ११३५जी७. पण मैत्रिणीच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘इंटेल आयरिस एक्सई ग्राफिक्स’ असं नाव दिसत होतं आणि हिच्याकडे नुसतं ‘इंटेल यूएचडी ग्राफिक्स’. माल वेगळा नव्हता. हिच्या लॅपटॉपमध्ये रॅमची ८ जीबीची एकच स्टिक (पट्टी) होती आणि मैत्रिणीनं मागाहून दुसरी बसवून घेतली होती. इंटेलनं या प्रोसेसरांसाठी नियमच केला आहे की रॅम दोन चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वाटांवर, चालत असेल तरच ग्राफिक्सला आयरिस एक्सई म्हणायचं, एकावर असेल तर यूएचडी. आम्ही ८ जीबीची जोडीची स्टिक आणून बसवली, लॅपटॉप चालू केला आणि तेच पान पुन्हा उघडलं. नाव बदललं होतं.

रॅम घेताना आपण सगळे जीबी विचारतो. ती किती चॅनेलवर चालते हे क्वचितच कोणी विचारतं, आणि बिलावर तर ते कधीच लिहिलेलं नसतं. म्हणून स्वतः बघायला शिका. पैसे लागत नाहीत, आणि नुसतं बघायचं असेल तर स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही.

आधी एवढं समजून घ्या

गच्चीवरची टाकी ५०० लिटरची असो की १००० लिटरची, बादली किती वेळात भरेल हे नळावर ठरतं. जीबी म्हणजे टाकी, चॅनेल म्हणजे नळ. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधली एक वाट ६४ बिटांची, म्हणजे ८ बाइटची असते. डीडीआर४-३२०० रॅममध्ये (डीडीआर४ ही रॅमची पिढी, ३२०० हा तिचा वेग) या वाटेवरून सेकंदाला ३२० कोटी वेळा माहिती जाते. ३२०० गुणिले ८ म्हणजे सेकंदाला २५.६ जीबी. दोन्ही वाटा चालू असतील तर ५१.२ जीबी. स्टिक त्याच, वेग तोच, फक्त रस्ता दुप्पट रुंद.

याचा अर्थ संगणक दुप्पट वेगवान होतो असा नाही. प्रोसेसरला सतत लागणारी बरीचशी माहिती त्याच्या स्वतःच्या कॅशमध्ये, म्हणजे आतल्या छोट्या वेगवान मेमरीत असते, त्यामुळे पत्र टाइप करताना, टॅलीत नोंदी करताना किंवा ब्राउझर उघडताना तुम्हाला फरक जाणवणार नाही. फरक जाणवतो तो जिथे ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे तिथे. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला मात्र सगळं तुमच्या रॅममधूनच घ्यावं लागतं, आणि त्याच वाटेवर प्रोसेसरचीही ये-जा चालू असते. गेम अडखळतो, व्हिडिओ एडिट करताना टाइमलाइन ओढली की थांबते. अशा वेळी नवीन लॅपटॉप घ्यायच्या गोष्टी सुरू होतात, आणि खरं काम कदाचित एका स्टिकचं असतं.

घरगुती संगणकात ही सोय काही नवीन नाही. २००३ साली इंटेलच्या ८६५ आणि ८७५ चिपसेटबरोबर ती पेंटियम ४ च्या मदरबोर्डांवर सर्रास मिळू लागली. म्हणजे तुमचा संगणक दहा वर्षं जुना असला तरी खालची तपासणी त्याला बहुधा लागू पडेल.

पायरी १: टास्क मॅनेजर बघा

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ‘परफॉर्मन्स’मध्ये जा आणि ‘मेमरी’वर क्लिक करा. उजव्या कोपऱ्यात एकूण जीबी दिसतील. खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ (स्टिक बसवायच्या किती खाचा भरल्या आहेत) अशी ओळ असते, तिच्यापुढे ‘२ पैकी १’ किंवा ‘४ पैकी २’ अशा अर्थाचा आकडा असतो. तो लिहून घ्या. ‘स्पीड’चा आकडाही टिपून ठेवा, पुढे लागेल.

‘२ पैकी १’ असेल आणि रॅम डीडीआर४ किंवा त्याआधीची असेल, तर उत्तर मिळालंच, तुमची रॅम एका चॅनेलवर आहे. पण ‘४ पैकी २’ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. दोन स्टिक आहेत एवढंच टास्क मॅनेजर सांगतो, त्या कुठल्या स्लॉटमध्ये बसल्या आहेत हे सांगत नाही. आणि सगळी चूक तिथेच होते.

काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅमच्या चिप्स बोर्डावरच सोल्डर केलेल्या असतात. तिथे ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ असं लिहिलेलं दिसतं, आणि स्लॉटचा आकडा प्रत्यक्षातल्या स्लॉटशी जुळेलच असं नाही. अशा लॅपटॉपसाठी ही पायरी सोडून थेट पुढची करा.

पायरी २: सीपीयू-झेड, खरी तपासणी ही

सीपीयू-झेड हा सीपीयूआयडी या फ्रेंच कंपनीचा छोटासा, मोफत प्रोग्राम आहे. तो कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. शोधताना याच नावाच्या भलत्याच साइट वर येतात, आणि त्यांच्यावरची मोठ्ठी हिरवी डाउनलोडची बटणं बहुतेक वेळा जाहिरातींची असतात. इन्स्टॉल करायचा नसेल तर झिप फाइल घ्या, ती उलगडून प्रोग्राम थेट चालवता येतो. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या मशीनवर हे सोयीचं पडतं, फक्त परवानगी विचारून करा.

प्रोग्राम उघडला की वर टॅबची रांग दिसेल. ‘मेमरी’ टॅबवर जा. सगळ्यात वरच्या चौकटीत डावीकडे ‘टाइप’ आणि ‘साइझ’, तर उजवीकडे ‘चॅनेल #’ अशी छोटी खिडकी आहे. आपल्याला हवं ते एवढंच. तिच्यात ‘सिंगल’ असेल तर एक वाट, ‘ड्युअल’ असेल तर दोन. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये शब्दाऐवजी ‘१ x ६४-बिट’ किंवा ‘२ x ६४-बिट’ असंही लिहून येतं. अर्थ तोच.

डीडीआर५ असेल तर इथे थोडं जपून वाचा, कारण अनुभवी माणसंही इथे फसतात. डीडीआर५ च्या प्रत्येक स्टिकमध्ये ६४ बिटांची वाट आतल्या आत ३२-३२ बिटांच्या दोन भागांत विभागलेली असते. त्यामुळे एकच स्टिक असली तरी ‘२ x ३२-बिट’ असं दिसतं, आणि दोन आकडा बघून माणूस खूश होतो. ते ड्युअल चॅनेल नव्हे. दोन्ही चॅनेल भरलेले असतील तर ‘४ x ३२-बिट’ दिसायला हवं, जुन्या आवृत्तीत कदाचित ‘क्वाड’. गुणाकार करून बघा, एकूण १२८ बिट झाले तर काम बरोबर आहे, ६४ झाले तर एकच चॅनेल चालू आहे.

त्याच पानावर खाली ‘डीरॅम फ्रिक्वेन्सी’ आहे. ३२०० ची रॅम असताना तिथे साधारण १६०० दिसतं, आणि ‘अर्धीच रॅम चालतेय’ म्हणून लोक घाबरतात. घाबरण्यासारखं काही नाही. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, म्हणून हा आकडा नेहमी निम्माच दिसतो. त्याची दुप्पट करा आणि पहिल्या पायरीत टिपलेल्या स्पीडशी जुळवा.

शेजारच्या ‘एसपीडी’ टॅबमध्ये एकेक स्लॉट निवडून त्यातली स्टिक किती जीबीची, कुठल्या कंपनीची, कुठल्या पार्ट नंबरची हे बघता येतं. या पानाचा फोटो काढून ठेवा. जोडीची स्टिक घ्यायला जाल तेव्हा हाच फोटो दाखवायचा.

तपासायचे दुसरे मार्ग, थोडक्यात

एचडब्ल्यूइन्फो नावाचा प्रोग्राम तुमच्याकडे असेल तर ‘मेमरी’च्या पानावर ‘चॅनेल्स सपोर्टेड’ आणि ‘चॅनेल्स ॲक्टिव्ह’ अशा दोन ओळी दिसतात. पहिलीत २ आणि दुसरीत १ असेल तर रस्ता आहे पण वापरात नाही, हे यापेक्षा स्पष्ट कुठेच दिसत नाही. काही मदरबोर्डांच्या बायोसमध्येही (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) रॅमच्या माहितीशेजारी चॅनेल लिहिलेला असतो. लिनक्सवर टर्मिनलमध्ये डीएमआयडीकोड हा आदेश प्रशासकाच्या अधिकारानं चालवला की कुठल्या चॅनेलच्या कुठल्या स्लॉटमध्ये काय आहे ते कळतं. त्यात ए आणि बी दोन्ही चॅनेलपुढे स्टिक दिसायला हव्यात.

अकराव्या ते तेराव्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपवर भाचीसारखं नुसतं नाव बघूनही अंदाज येतो, पण प्रोसेसर मुळात आयरिस एक्सईचा असेल तरच. अकराव्या पिढीतल्या आय-३ १११५जी४ ला तुम्ही कितीही स्टिक बसवा, तो यूएचडीच राहणार. एएमडीच्या रायझन प्रोसेसरांमध्ये तर असं नाव बदलतच नाही, त्यामुळे तिथे सीपीयू-झेडला पर्याय नाही.

‘सिंगल’ आलं, आता काय?

लगेच रॅम विकत घ्यायला निघू नका. आधी प्रोसेसरला दोन चॅनेल आहेत का ते बघा. एन१०० आणि आय-३ एन३०५ हे इंटेलचे स्वस्त, कमी वीज खाणारे प्रोसेसर एकाच चॅनेलचे आहेत. एएमडीचा ए९-९४२५ असलेले लॅपटॉप आपल्याकडे बरेच खपले, तोही एकाच चॅनेलचा. इंटेलच्या साइटवर प्रोसेसरचं नाव टाकलं की ‘मॅक्स # ऑफ मेमरी चॅनेल्स’ अशी ओळ मिळते. तिथे १ असेल तर विषय संपला. रॅम वाढवून जागा वाढेल, वाट रुंद होणार नाही.

प्रोसेसर दोन चॅनेलचा आहे, दोन स्टिकही आहेत, आणि तरी ‘सिंगल’ दिसतंय? मग स्टिक चुकीच्या स्लॉटमध्ये आहेत. आमच्या भागातल्या एका अभ्यासिकेतला डेस्कटॉप मी असाच बघितला होता. ८-८ जीबीच्या दोन चांगल्या स्टिक, पण शेजारीशेजारी खोचलेल्या. जोडणाऱ्यानं पहिले दोन स्लॉट दिसले ते भरले होते. चार वर्षं ती मशीन एकाच वाटेवर चालली. एक स्टिक उचलून दुसरीकडे बसवायला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्या दिवशी मला मनापासून वाईट वाटलं, कारण तिथली मुलं याच मशीनवर थ्रीडी ड्रॉइंग शिकत होती.

चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरच्या बाजूनं मोजत गेलं तर क्रम साधारणपणे ए१, ए२, बी१, बी२ असा असतो. ए१ आणि ए२ एकाच चॅनेलचे. दोन स्टिक असतील तर त्या ए२ आणि बी२ मध्ये, म्हणजे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. मध्ये एक स्लॉट रिकामा राहतो. बऱ्याच बोर्डांवर या जोडीचे रंगही सारखे असतात, पण रंगांची पद्धत सगळ्या कंपन्यांची एक नाही, म्हणून बोर्डावर छापलेली अक्षरं वाचा किंवा मॅन्युअल बघा. बोर्डावर दोनच स्लॉट असतील तर प्रश्नच नाही, दोन्ही भरा.

जोडीची स्टिक निवडताना

स्टिकवरचं लेबल वाचायला शिका. भाचीच्या स्टिकवर ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-३२००एए’ असं छापलेलं होतं. ८ जीबी म्हणजे क्षमता. १आर म्हणजे चिप्सची एक रँक, म्हणजे एकत्र काम करणारा एक गट, आणि एक्स८ म्हणजे प्रत्येक चिप ८ बिटांची. पीसी४ म्हणजे डीडीआर४ आणि ३२०० हा वेग. यातली क्षमता, पिढी आणि वेग जुळवा, रँक जुळली तर आणखी उत्तम. कंपनी वेगळी असली तरी बहुतेक वेळा चालतं. डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते. वेग वेगवेगळे असतील तर दोन्ही स्टिक हळू असलेल्या स्टिकच्या वेगानं चालतात, म्हणजे ३२०० च्या शेजारी २६६६ ची बसवली की दोन्ही २६६६ वर.

क्षमता वेगळी असेल तर? आपल्याकडच्या कितीतरी लॅपटॉपमध्ये ४ जीबी बोर्डावर सोल्डर केलेली आणि एक स्लॉट मोकळा असतो. त्यात ८ जीबीची स्टिक घातली तर एकूण १२ जीबी होते. इंटेल याला फ्लेक्स मोड म्हणतं. सोल्डरमधले ४ आणि स्टिकमधले ४ असे ८ जीबी दोन चॅनेलवर चालतात, उरलेले ४ जीबी एका चॅनेलवर. सीपीयू-झेड इथे ‘ड्युअल’च दाखवेल, आणि ते अर्धवट खरं आहे. माझ्या मते असा लॅपटॉप असेल तर ८ ची स्टिक बिनधास्त घाला. १२ जीबीची जागा आणि बराचसा ड्युअल चॅनेल हे, ४ ची स्टिक घालून मिळणाऱ्या ८ जीबीच्या पूर्ण ड्युअल चॅनेलपेक्षा रोजच्या कामाला जास्त उपयोगी पडतं. जागाच अपुरी पडली तर विंडोज डिस्ककडे धावतं, आणि तिथे चॅनेलचा काही उपयोग नाही.

नवीन डेस्कटॉप जोडून घेत असाल आणि ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल, तर १६ ची एक स्टिक घेऊ नका, ८-८ ची जोडी घ्या, शक्यतो एकाच खोक्यातली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावातल्या दुकानात कोटेशन घेताना ‘१६ जीबी’ एवढंच लिहून देतात. तिथेच विचारा, "एक स्टिक की दोन?" आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.

बसवताना

विंडोज बंद करा, डेस्कटॉपची वायर भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण पाचसहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. लॅपटॉपमध्ये मागचं झाकण काढल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा. झाकण उघडल्यानं वॉरंटीवर परिणाम होतो का, हे त्याआधी वॉरंटीच्या कागदावर वाचा. शंका असेल तर सर्व्हिस सेंटरमधूनच बसवून घ्या. स्टिकला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. थंडीत हवा कोरडी असते, तेव्हा हे विसरू नका.

डेस्कटॉपची स्टिक सरळ उभी दाबायची. दोन्ही टोकांना सारखा जोर द्या आणि क्लिप ‘टक्’ आवाज करून बसली की थांबा. नव्या माणसाला वाटतो त्यापेक्षा जोर थोडा जास्तच लागतो. लॅपटॉपची स्टिक तिरकी, साधारण ३० अंशात आत सरकवायची, सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशी झाली की मग खाली दाबायची. आधी खाली दाबून मग आत ढकलायला गेलात तर बाजूच्या क्लिप वाकतात.

कोकणात, मुंबईत दमट हवेनं संपर्काच्या सोनेरी पट्ट्या मळतात. त्या खोडरबरनं घासायची आपल्याकडे जुनी सवय आहे. चालतं, पण हलक्या हातानं करा आणि रबराचा कीस स्लॉटमध्ये पडू देऊ नका. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि लिंट नसलेलं कापड मिळालं तर ते केव्हाही चांगलं.

नवी स्टिक घालून पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही वेळ काळीच राहू शकते. डीडीआर५ च्या मशीनवर तर काही मिनिटंही लागतात, कारण बोर्ड त्या स्टिकशी जुळवून घेत असतो. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, तोपर्यंत थांबा. घाईनं वीज तोडू नका.

चालू झाल्यावर परत सीपीयू-झेडच्या त्याच खिडकीत बघा. ‘ड्युअल’ दिसायला हवं. मशीन चालूच झाली नाही किंवा अधूनमधून निळी स्क्रीन यायला लागली, तर दोन्ही स्टिक काढा आणि एकेक करून त्याच स्लॉटमध्ये लावून बघा. एक स्टिक प्रत्येक वेळी त्रास देत असेल तर ती स्टिकच खराब, दोन्ही चालत असतील तर दुसरा स्लॉट तपासा. सगळं ठीक वाटलं तरी रात्री झोपताना ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ लावून ठेवा आणि सकाळी निकाल बघा. दुकानात बदलून मिळण्याची मुदत असते ती पहिल्या काही दिवसांचीच, म्हणून हे त्याच रात्री करा.